विश्लेषण : मोटारीची वॉरंटी नाकारली, दुरुस्तीचे बिल लाखाच्या वर, ग्राहकाने काय करावे?

गाडी वॉरंटीत आहे, म्हणून निर्धास्त राहावे आणि नेमका मोठा बिघाड झाल्यावर ‘हे वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर मिळावे, हा अनुभव अनेक मोटारमालकांना येतो. हातात लाखाच्या घरातील एस्टिमेट, गाडी वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलेली आणि रोज कामावर जाण्याची अडचण. अशा वेळी घाईत केलेली एक सही पुढे महाग पडू शकते. नकार मिळाल्यावर पहिल्या दिवसापासून काय करायचे, कायदा कुठे साथ देतो आणि कुठे देत नाही, याचा आढावा.

नेमके काय घडते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकमधील एका कुटुंबाने साडेअकरा लाख रुपयांची ऑटोमॅटिक मोटार घेतली. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यापैकी जे आधी पूर्ण होईल ते. दोन वर्षे आठ महिन्यांनी, ४२ हजार किलोमीटरवर, गिअर बदलताना गाडी झटके देऊ लागली आणि एके दिवशी चढावर थांबली ती थांबलीच. अधिकृत वर्कशॉपने गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट बदलावे लागेल असे सांगितले. खर्च १ लाख ६८ हजार रुपये. वॉरंटी? ‘मागचा कॅमेरा बाहेरून बसवला आहे, वायरिंगला हात लागला आहे. त्यामुळे वॉरंटी बाद.’

हे सगळे तोंडी सांगितले जाते. सोबत ‘दोन दिवसांत मंजुरी द्या, नाहीतर पार्किंगचे पैसे लागतील’ असेही ऐकवले जाते. बहुतेक जण इथेच हार मानतात आणि पैसे भरतात. पण वादाचा खरा प्रश्न या टप्प्यावर कुणी विचारलेलाच नसतो : मागच्या कॅमेऱ्याच्या वायरमुळे गिअरबॉक्सचे युनिट जळाले, हे कशावरून?

वॉरंटी म्हणजे नेमके कशाचे आश्वासन?

वॉरंटी म्हणजे साहित्यातील किंवा निर्मितीतील दोषामुळे भाग निकामी झाला तर तो दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे लेखी आश्वासन. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट असे वापराने झिजणारे भाग त्यातून बहुधा वगळलेले असतात किंवा त्यांची मुदत कमी असते. टायर आणि बॅटरीची वॉरंटी अनेकदा ते बनवणाऱ्या कंपनीकडून वेगळी मिळते.

‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ हा वेगळा करार असतो. तो मोटार कंपनीचा आहे, डीलरचा आहे की तिसऱ्याच कंपनीचा, हे कागदावर पाहायला हवे. कारण वाद झाल्यावर उत्तर कुणाकडे मागायचे, ते त्यावर ठरते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. एक भाग बिघडला म्हणून पूर्ण गाडी बदलून मिळेल, असे नसते. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले, की वॉरंटीच्या अटीत सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याची जबाबदारी असेल, तर पूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश त्या अटीच्या पलीकडे जातो. त्यामुळे मागणी नेमकी ठेवावी : भाग विनामूल्य बदला, किंवा भरलेले बिल परत करा आणि झालेल्या गैरसोयीची भरपाई द्या.

नकाराची कारणे कोणती आणि त्यांना काय विचारायचे?

*‘सर्व्हिसिंग वेळेवर केले नाही.’* हे कारण काही वेळा योग्य असते. ऑइल बदलण्यात मोठी दिरंगाई झाली आणि इंजिन जाम झाले, तर दोन्हींचा संबंध उघड आहे. पण सर्व्हिसिंगला तीन आठवडे उशीर झाला आणि पॉवर विंडोची मोटार बंद पडली, तर संबंध काय, हे कंपनीने सांगायला हवे.

*‘बाहेरून काम करून घेतले, बाहेरची ॲक्सेसरी बसवली.’* कापलेली वायर, जादा वॉटचे दिवे, मान्यता नसलेले सीएनजी किट यांमुळे बिघाड होऊ शकतो, हे खरे. मात्र तो याच वायरीतून, याच सर्किटवर झाला का? वायरिंगचा नकाशा आणि स्कॅन टूलमध्ये दिसलेले एरर कोड लेखी मागा.

*‘इंजिनात पाणी गेले.’* पावसाळ्यात मुंबई, ठाणे, पुण्यात हे कारण हमखास ऐकू येते. पाणी खरोखर गेले असेल तर तो निर्मितीदोष नाही. वॉरंटीऐवजी विम्याकडे जावे लागते. तिथेही साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत, पाणी शिरल्यावर गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले इंजिनचे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकवच घेतलेले असावे लागते. गाडी पाण्यात गेलीच नसेल, तर एअर फिल्टर आणि इंजिन ऑइलचे फोटो वर्कशॉपसमोरच काढून ठेवा.

*‘भेसळीचे इंधन.’* असे म्हणणाऱ्याने इंधनाचा नमुना कधी घेतला, तो कुठे तपासला आणि अहवाल कुठे आहे, हे विचारा. केवळ वासावरून काढलेला निष्कर्ष पुरेसा नाही.

*‘खालून मार बसला आहे.’* ऑइल पॅनला दगड लागला असेल तर खूण दिसते. गाडी लिफ्टवर असतानाच ती दाखवायला सांगा आणि फोटो घ्या.

*‘वॉरंटी संपली.’* बिघाडाची पहिली तक्रार कधी नोंदली गेली, ते जुन्या जॉब कार्डांत पाहा. वॉरंटीच्या काळात ‘गिअर झटके देतो’ अशी नोंद असेल आणि वर्कशॉपने ‘नॉर्मल आहे’ म्हणून गाडी परत दिली असेल, तर ग्राहकाची बाजू बरीच भक्कम होते. म्हणून प्रत्येक तक्रार जॉब कार्डावर आपल्याच शब्दांत लिहून घेण्याची सवय ठेवावी.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्यास वॉरंटी जाते का?

सरसकट नाही, असे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात म्हटले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्याच्या मुद्द्यावर आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. त्याच आदेशात, स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असे निर्देश होते. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर त्या नुकसानीपुरतीच वॉरंटी नाकारता येईल, अशी आयोगाची भूमिका होती.

कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलांत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंडाची मोजणी मात्र बदलली. त्यानंतरही न्यायालयीन लढाई सुरू राहिली. त्यामुळे पत्रव्यवहारात या आदेशाचा उल्लेख जरूर करावा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. भिस्त हवी ती पुराव्यावर.

पहिल्या ४८ तासांत काय करावे?

पहिली गोष्ट, नकार लेखी मागा. वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या कलमाखाली, कोणत्या तपासणीच्या आधारे, हे ई-मेलने कळवा, असे सर्व्हिस मॅनेजरला लिहा. तोंडी नकार पुढे ‘आम्ही असे म्हणालोच नव्हतो’ असा फिरवता येतो.

दुसरी, कागद गोळा करा : खरेदीचे बिल, वॉरंटी पुस्तिका, एक्स्टेंडेड वॉरंटीचे प्रमाणपत्र, सगळी जॉब कार्डे, सर्व्हिसिंगची बिले, टोइंगची पावती, व्हॉट्सॲपवरील संवाद. आजच्या तारखेचे ओडोमीटर आणि डॅशबोर्डवरील दिव्यांचे फोटो काढा.

तिसरी, गाडीचा बिघडलेला भाग उघडण्यापूर्वी स्वतंत्र तपासणीचा विचार करा. एकदा गिअरबॉक्स उघडला, भाग बदलला आणि जुना भाग भंगारात गेला, की पुरावाही गेला. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक किंवा परवानाधारक सर्वेक्षक यांच्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घेता येतो. तपासणीची तारीख डीलर आणि कंपनीला आधी कळवा, म्हणजे ‘आमच्या पाठीमागे उघडले’ असे म्हणायला जागा राहत नाही.

चौथी, काढलेला जुना भाग आपल्या ताब्यात मागा. बिल आपण भरत असू, तर भागही आपला. तसे मंजुरी देतानाच लिहून द्या.

पैसे भरले तर हक्क जातो का?

गाडीशिवाय चालणारच नसेल तर पैसे भरून गाडी सोडवावी लागते. त्यात कायद्याचीही एक बाजू आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करून काम केलेल्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. म्हणजे दुरुस्तीला मंजुरी देऊन काम झाल्यावर ‘आता पैसे देत नाही’ म्हटले, तर वर्कशॉप गाडी रोखू शकते. म्हणून वाद मंजुरीपूर्वी सुरू करावा.

पैसे भरायचेच झाले तर हरकत नोंदवून भरा. पैसे भरण्याआधी वर्कशॉप आणि कंपनी, दोघांनाही असा साधा ई-मेल पुरेसा आहे : ‘माझ्या गाडीचा वॉरंटी दावा मला मान्य नसलेल्या कारणावरून नाकारण्यात आला आहे. गाडीची निकड असल्याने मी ही रक्कम हरकत कायम ठेवून भरत आहे. या रकमेच्या परताव्याचा व भरपाईचा माझा हक्क मी सोडलेला नाही. बदललेला जुना भाग मला परत द्यावा.’

गाडी ताब्यात घेताना ‘काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही मागितली जाते. सही करावीच लागली तर शेजारी ‘वॉरंटीबाबतची हरकत कायम’ असे हाताने लिहा आणि त्याचा फोटो घ्या.

कधी कधी कंपनी ‘गुडविल’ म्हणून निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवते. हा प्रस्ताव वाईट नसतो. मात्र तो स्वीकारताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द आहेत का, ते वाचा. ते मान्य करून सही केली तर उरलेल्या निम्म्यासाठी भांडणे अवघड होते.

तक्रार कुणाकडे, कोणत्या क्रमाने?

आधी डीलरचा सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचा ग्राहक सेवा विभाग आणि विभागीय कार्यालय. प्रत्येक ठिकाणी लेखी तक्रार करा आणि उत्तरासाठी मुदत द्या. १५ दिवस पुरेसे आहेत.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. ८८००००१९१५ या व्हॉट्सॲप क्रमांकाची सोयही आहे. ही हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते. तिला निकाल देण्याचा अधिकार नाही. तरीही अनेक कंपन्या आयोगाची पायरी चढण्याआधी या टप्प्यावर तडजोडीला तयार होतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या ग्राहक संघटनांचे मार्गदर्शनही घेता येते.

बिघाड सुरक्षेशी संबंधित असेल, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग किंवा चालत्या गाडीत इंजिन बंद पडणे, तर आणखी एक मार्ग आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनातील अशा दोषाची नोंद रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. ठरावीक संख्येने तक्रारी आल्यास ते मॉडेल परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देता येतो. तुमचे बिल त्यातून परत मिळणार नाही, पण दोष एकट्या तुमच्या गाडीत नाही, हे पुढे येऊ शकते.

ग्राहक आयोगात जायचे तर?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. वकील सक्तीचा नाही. तक्रार स्वतःच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनीचे मुख्यालय हरियाणात वा चेन्नईत असले, तरी नाशिकचा ग्राहक नाशिकमध्येच दाद मागू शकतो.

कोणत्या आयोगात जायचे, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तू वा सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंत शुल्क नाही; ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. म्हणजे आपल्या उदाहरणातील साडेअकरा लाखांच्या मोटारीसाठी शुल्क ४०० रुपये. तक्रार ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते.

तक्रारीत डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा आणि प्रत्येकाची चूक वेगवेगळी लिहा. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये डीलरने २००९ चे मॉडेल विकले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. कंपनीविरुद्ध ठोस आरोप आणि पुरावा नसल्याने डीलरच्या कृत्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल २०२१ मध्ये लागला. त्यामुळे ‘वॉरंटी नाकारण्याचा निर्णय कंपनीच्या कोणत्या कार्यालयाने, कोणत्या ई-मेलद्वारे दिला’ हे तक्रारीत नोंदवणे महत्त्वाचे ठरते.

सिद्ध कोणी करायचे?

निर्मितीदोष आहे, हे दाखवण्याची पहिली जबाबदारी ग्राहकावर येते. बरीच प्रकरणे इथेच अडतात. ‘गाडी सारखी बिघडते’ एवढे म्हणणे पुरत नाही. त्यासाठी तज्ज्ञांचा अहवाल आणि जॉब कार्डांची मालिका लागते. तपासणीशिवाय दोष कळणे शक्य नसेल, तर आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत कायद्यात आहे. तपासणीचे शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागते.

दुसरीकडे, ग्राहकाने छेडछाड केली किंवा अट मोडली, असा बचाव कंपनी घेत असेल, तर त्याला आधार देण्याचे ओझे कंपनीवर येते. म्हणूनच पहिल्या दिवशी मागितलेला लेखी नकार इतका मोलाचा. त्यात दिलेले कारण पुढे बदलले, तर ते आयोगाच्या नजरेत आणून देता येते.

कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असे वेगळे प्रकरण आहे. पण ते सदोष उत्पादनामुळे झालेली इजा, मृत्यू किंवा इतर मालमत्तेचे नुकसान यांसाठी आहे. खुद्द त्या वस्तूचे नुकसान त्यात धरलेले नाही. दुरुस्तीच्या बिलाचा वाद ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ या मुद्द्यांवरच मांडावा. वॉरंटीची एखादी अट मुळातच एकतर्फी, अन्याय्य आहे, असे म्हणायचे असेल तर ती रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही.

टॅक्सी कंपनी किंवा व्यवसायासाठी घेतलेल्या ताफ्यातील वाहनाचा मालक ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः गाडी चालवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

किती वेळ लागतो आणि काय मिळते?

प्रतिवादीने उत्तर ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत द्यायचे असते. तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात प्रकरणे याहून लांबतात, हे गृहीत धरूनच उतरावे. निकाल बाजूने लागला तर बिलाचा परतावा, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मिळू शकतो. त्याविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येते. मात्र कंपनीला अपिलासाठी आदेशातील निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कधी थांबावे?

प्रत्येक नकार चुकीचा नसतो. ऑइल दोन वर्षे बदलले नसेल, गाडी पाण्यातून काढली असेल किंवा झिजणारा भागच झिजला असेल, तर वाद घालण्यात वेळ आणि पैसा जातो. अशा वेळी मजुरीत सवलत, सुट्या भागांवर सूट किंवा गुडविल मागणे शहाणपणाचे. बिल काही हजारांचे असेल तर हेल्पलाइनपर्यंत जावे आणि तज्ज्ञाच्या फीचा हिशेब करूनच पुढचे ठरवावे.

पण कारण आणि बिघाड यांचा संबंध कुणी दाखवू शकत नसेल आणि बिल लाखाच्या वर असेल, तर ४०० रुपये शुल्क, नीट लावलेली एक फाइल आणि दोन वर्षांची मुदत ग्राहकाच्या हाती आहे. कॅमेऱ्याच्या वायरने गिअरबॉक्स कसा जळाला, हे मग कंपनीला आयोगासमोर सांगावे लागेल.